नखातली माती

सुट्टी मिळाली म्हणजे झोप मिळते असं नाही. श्रीरंग रोजच्यासारखाच पहाटे साडेतीनला जागा झाला, अंधारात पाय खाली सोडून चपला चाचपू लागला आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आज कुठं जायचं नाही. सलग एक्केचाळीस दिवस काम केल्यावर मिळालेला रविवार होता. तो खाटेच्या कडेवर तसाच बसून राहिला.

“पडा ना जी,” अंजनी अंधारातून म्हणाली. “आज कोनता भोंगा वाजून राहिला तुमच्यासाठी?”

तो पडला, पण झोप काही परत आली नाही. अंग मोडून आलेलं असलं तरी त्याला शिस्त लागलेली असते. ते साडेचारला सायकलवर बसायची वाट पाहत राहिलं.

साल एकाहत्तर. दसरा होऊन चार दिवस झाले होते. लढाई अजून लागली नव्हती, पण रांझीपलीकडच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ती ऑगस्टातच लागली होती. सहा ते सहा पाळी, रजा बंद, रविवार बंद. दसऱ्याला यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या, बाहेरच्या ओट्यावर सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला, आणि तो गिळायच्या आत भोंगा झाला. श्रीरंग तोफगोळ्यांत दारू भरायच्या खात्यात होता, गेली सतरा वर्षं. त्या दारूनं त्याची बोटं आणि तळवे हळद लागल्यासारखे पिवळे झाले होते. जिभेवर सतत एक कडवटपणा असायचा. अंजनीनं भाजीत काय घातलं, काय विसरली, याला आताशा अर्थ उरला नव्हता. त्याला सगळं सारखंच लागे.

उजाडल्यावर मात्र त्याला बरं वाटलं. अंगणात खाट टाकून तो दिवसाउजेडी चहा प्याला. घाई नाही, बशीत ओतून फुंकर मारणं नाही. चुलीतल्या निखाऱ्यावर बिडी पेटवली आणि पार धाग्यापर्यंत ओढली. फॅक्टरीत काडेपेटी खिशात सापडली तर नोकरी जाते, म्हणून त्यानं बिडी जवळजवळ सोडलीच होती. आजची ही एक, हक्काची. चौदा वर्षांची ज्योती न्हाऊन केस वाळवत तुळशीपाशी उभी होती. श्रीरंग तिच्याकडं पाहतच राहिला. रोज तो निघायचा तेव्हा ती झोपलेली असायची आणि परतायचा तेव्हा कंदिलाच्या उजेडात पुस्तकात डोकं घालून बसलेली. मुलगी मायच्या खांद्याच्या वर गेली होती, हे त्याला आज दिसलं.

“काय पाहून राहिले, बाबा?” तिनं विचारलं.

“काही नाही. कितवीत हाय तू?”

“नौवीं में! तुम्हाला हे पन नाही माहीत?” ती हसली. श्रीरंगही हसला, पण त्याला ते लागलं.

चहा झाल्यावर तो फावडं घ्यायला गोठ्याकडं निघाला. दाराच्या चौकटीत येताच त्याचे दोन्ही हात आपोआप खांद्याइतके वर गेले, बोटं फाकली, आणि तो थांबला. रोज चार वेळा झडती द्यायची सवय. समोर दरबान नव्हता, आडवी आलेली शेळी होती.

“बाबा, बकरी तलाशी लेगी क्या?” ज्योतीला हसू आवरेना. अंजनीनं तिला डोळे वटारले, पण तिच्याही ओठांत हसू होतंच.

त्यांचं घर आणि तीन एकरांचं शेत परियट नदीच्या अंगाला होतं, फॅक्टरीपासून सायकलनं तासाभरावर. श्रीरंगच्या वडिलांनी ते घेतलं होतं. मागच्या महायुद्धात ही फॅक्टरी उभी राहत होती तेव्हा ते भंडाऱ्याहून कामाला आले, आणि पुढच्या वर्षी गावी जाऊन तिफण घेऊन आले. बाभळीची तीन दात्यांची तिफण सुटी करून, गोंदियाच्या छोट्या गाडीत बाकाखाली घालून. इकडची माणसं वेगळ्या अवजारानं पेरत. ती तिफण पाहायला गाव लोटलं होतं. ती अजून गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती.

इकडची शेतीच निराळी. शेताला चहूकडून छातीएवढे बांध घालायचे आणि पावसाचं पाणी चार महिने आतच कोंडून ठेवायचं. शेताचं तळं होतं. याला इकडं हवेली म्हणतात. दसऱ्यानंतर एक दिवस ठरवून पाणी सोडायचं, आठ-दहा दिवसांत काळ्या मातीला वाफसा आला की गहू पेरायचा. त्या गव्हाला मग पुढं पाणी लागत नाही. पण वाफसा दोन दिवसांहून जास्त थांबत नाही. माती एकदा कडक झाली की बी वरच्या वर राहतं.

श्रीरंगचं शेत खाली आणि तुळशीराम पटेलचं त्याच्या वर. वरचं पाणी खालच्या शेतातून जायचं, म्हणून आधी श्रीरंगनं आपला बांध फोडायचा, मग तुळशीरामनं. हे आजच्या दिवसाचं काम होतं, आणि ते अंजनीला ठाऊक होतं. आजच्या दिवसाचं दुसरं काम तिला ठाऊक नव्हतं.

मागच्या आठवड्यात तुळशीराम त्याला रस्त्यात भेटला होता. सायकल थांबवून म्हणाला होता, “काए भैया, इस साल बोनी कौन करेगा? छुट्टी तो तुम्हें मिलनी नहीं. खेत हमें अधिया पे दे दो. बीज हमारा, बैल हमारे, आदमी हमारा. फसल आधी-आधी.” माणूस वाईट नव्हता. दरवर्षी तो आपले बैल एक दिवस द्यायचा. बदल्यात अंजनी आणि ज्योती त्याच्या तिळाची निंदणी करून द्यायच्या. यंदाही त्यांनी आठ दिवस निंदली होती. पण बैल दिले तरी तिफण धरायला माणूस लागतो, आणि पेरणीच्या दोन दिवसांत तुळशीरामची स्वतःची माणसं स्वतःच्याच शेतात असतात. दरवर्षी श्रीरंग एक दिवसाची रजा टाकायचा. तो तिफण धरायचा, अंजनी चाड्यावर मूठ धरून बी सोडायची. यंदा रजाच नव्हती. न सांगता घरी राहिलं तर संध्याकाळी दारात जीप येई. आजारी पडायचं तर फॅक्टरीच्याच डॉक्टरपुढं पडावं लागे.

“इतवार को बताता हूँ,” श्रीरंग म्हणाला होता. आणि सायकलवर टांग टाकताना मनात त्यानं देऊनही टाकलं होतं. आठ दिवस झाले, अंजनीला सांगायला त्याला वेळ मिळाला नव्हता. वेळ नव्हता हे खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं.

बांधाच्या कोपऱ्यात दरवर्षीची जागा होती. श्रीरंगनं धोतर वर खोचलं आणि फावडं मारलं. तिसऱ्या फावड्याला खांदा भरून आला. दिवसभर तो एकसारखंच काम करायचा, माप भरायचं, ओतायचं, दाबायचं. त्या कामाला लागणारे स्नायू तेवढे शिल्लक होते, बाकीचे कुठं गेले कोण जाणे. तो थांबून दम खाऊ लागला, तशी अंजनीनं त्याच्या हातातून फावडं घेतलं.

“तुम्ही मातीत हात घालू नका,” ती म्हणाली. “मंग रात्री नखं घासत बसता.”

यात चेष्टा होती, पण गोष्ट चेष्टेची नव्हती. खात्याच्या दारात गुडघ्याएवढी फळी आडवी होती. फळीच्या अलीकडं आपले कपडे, आपल्या चपला. पलीकडं फॅक्टरीचा डगला, बिनखिळ्यांचे बूट. वाळूचा एक कण जरी पलीकडं गेला आणि दारूत घासला गेला तरी छप्पर जागेवर राहणार नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवत. म्हणून फळीशी दोन्ही हात पुढं करायचे आणि चार्जमननं, खात्यावरच्या साहेबानं, नखं तपासायची. गेल्या महिन्यात विष्णूच्या, त्याच्या शेजारी काम करणाऱ्या पोराच्या, पायजम्याच्या दुमडीत रेती निघाली. त्याला तसाच घरी पाठवला. दिवस बुडाला, नावापुढं लाल शेरा. नियमच तो, लढाई असो की काही असो, माती लागलेला माणूस आत घ्यायचा नाही. श्रीरंगला सतरा वर्षांत एकदाही परत पाठवलं नव्हतं. नवी पोरं भरती झाली की चार्जमन त्याला बोलावून त्याची नखं दाखवायचा. “ऐसे होने चाहिए,” म्हणायचा. श्रीरंगला त्याचा अभिमान होता. दुसरा अभिमान धरावा असं काही त्या कामात नव्हतंही.

पाणी सुटलं. आधी बोटभर, मग हातभर. चार महिने उभं राहून ते हिरवट, जड झालं होतं; ते खळखळत खालच्या ओहोळात गेलं. अंजनीनं फोडलेल्या बांधाच्या तोंडाशी बांबूची टोपली रोवली. घटकाभरात तीत चांदीच्या तुकड्यांसारख्या बोटभर मासोळ्या उड्या मारू लागल्या. ज्योती नववीतलं सगळं मोठेपण विसरून चिखलात उतरली आणि “बाबा, देखो! बाबा, देखो!” करत ओंजळी भरू लागली. श्रीरंगनंही पाय पाण्यात सोडले. गार पाणी घोट्यावरून जात होतं. कुणी ओरडत नव्हतं, पट्टा फिरत नव्हता. इतकं सुख आपल्या शेतात होतं आणि आपण ते देऊन बसलो, असं त्याला वाटलं. मग वाटलं, सुख एका रविवारचं. शेत तर वर्षभराचं आहे.

दुपारी अंजनीनं बांधावरच शिंगाडे उकडून आणले, ज्वारीची भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा. पहिला घास कडूच लागला. दुसराही. तरी तो जेवला.

“आता तुळशीरामभैया वरचं पानी सोडतील,” ती म्हणाली. “तुम्ही इथं बसा, पान्याच्या वाटेवर लक्ष ठेवा. तोंड रुंद व्हाले लागलं तर हाक मारा. मी गोठ्यामागच्या ज्वारीची कनसं आनते तंवर.”

“अंजने,” तो म्हणाला.

“काय?”

“काही नाही. ये जाऊन.”

तो मोहाच्या झाडाला टेकून बसला. सांगायचं कसं याची जुळवाजुळव करू लागला. आधी पायांचं सांगायचं, सायकल मारताना पोटऱ्या कशा वळतात ते. मग रजेचं. मग तुळशीरामचं. पाणी एकसुरी वाजत होतं. एक्केचाळीस दिवसांची झोप पहाटे आली नव्हती, ती आता आली आणि त्याला विचारायला थांबली नाही.

अंजनी कणसांचं ओझं डोक्यावर घेऊन आली तेव्हा वरचं पाणी आलेलं होतं. दोन शेतांचं पाणी एका तोंडातून चाललं होतं आणि तोंडाच्या कडा ढेकळाढेकळांनी सुटत होत्या. हातभराची वाट अडीच हात झाली होती. असंच आणखी थोडा वेळ चाललं असतं तर बांध गेला असता, आणि बांधामागं शेतातली वरची माती, जी चार पावसाळ्यांतही परत येत नाही. तिनं ओझं टाकलं. तोंडात हाक आली होती. ती तिनं गिळली. श्रीरंग झाडाशी मान वाकडी करून झोपला होता, तोंड उघडं, पिवळे तळवे वर. झोपेतही बोटं हलत होती, काहीतरी मापत होती.

तिनं ज्योतीला खुणेनं बोलावलं. गेल्या सालच्या तुराट्यांचा भारा कोपऱ्यात होता. तो दोघींनी ओढून आणला आणि तोंडात आडवा घातला. पाण्यानं तो फेकून दिला. मग अंजनी स्वतः त्या खिंडीत उतरली, पाठ पाण्याला लावून खाली बसली, पाय दोन्ही कडांना रोवले. पाणी कमरेवरून, खांद्यावरून जाऊ लागलं. ज्योती रडत-रडत तिच्या दोन्ही अंगांना तुराट्या खोचत होती, वर चिखल थापत होती.

“बाबांना उठवू?”

“गप. माती आन.”

वरच्या बांधावरून तुळशीरामनं हे पाहिलं. त्यानं धावत जाऊन आपली वाट अर्धी बुजवली आणि मग खाली आला. तोवर पाणी आवरलं होतं. वाट पुन्हा हातभर झाली होती. अंजनी बाहेर आली तेव्हा तिचे दात वाजत होते आणि पाठीवर ढेकळांनी ओरखडे उठले होते.

“अरे बहू, भैया को जगाना था!” तुळशीराम म्हणाला.

“सोने दो. महिना हो गया, सोये नहीं.”

तुळशीरामला ते पाहवेना. तो धीर द्यायला म्हणाला, “चलो, बस ये आखरी बार है. अगले साल से ये झंझट हमारी. अधिया में पानी-बंधान सब हम देखेंगे. आठ दिन हुए बात किए, भैया ने बताया होगा.”

अंजनीनं लुगड्याचा पदर पिळला. पिळत राहिली.

“हाँ,” ती म्हणाली. “बताया.”

श्रीरंगला जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. पाण्याचा आवाज थांबला होता. शेत रिकामं झालं होतं, काळंभोर, ओलं, आणि त्यावर बगळे चालत होते. अंजनी समोरच बांधावर बसून कणसं सोलत होती. तिच्या अंगावरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. त्यानं बांधाच्या तोंडाकडं पाहिलं, तुराट्या पाहिल्या, ताजा चिखल पाहिला. काय झालं ते त्याला विचारावं लागलं नाही.

“उठवलं काहून नाही?”

“तुम्ही सांगितलं काहून नाही?” ती मान वर न करता म्हणाली.

तो उठून बसला. मनात जुळवलेलं सगळं तो विसरला होता.

“सांगनारच होतो. आजच.”

“आठ दिस झाले म्हनते तुळशीरामभैया. मले सांगाची सुट्टी नाही भेटली का तुम्हाले?”

“अंजने, मी काय करू? तिफन कोन धरन? तुले तर कोनी तिफन धरू देनार नाही.”

“मी धरते म्हटलं होतं मागच्या साली, तुम्हीच हसले.” तिनं कणीस टोपलीत टाकलं. मग तिचा आवाज उतरला. “तुम्ही पहाटे जाता, रात्री येता. तिथं काय करता ते सांगाची मनाई हाय तुम्हाले. पिवळे होऊन येता अन् झोपता. माया वाट्याले तुम्ही वर्षातून एक दिवस येता जी, पेरनीचा. तुम्ही तिफन धरता, मी चाड्यावर असते. सकाळपासून सांजेलोक संगं चालतो आपन. तोच दिवस देऊन टाकला तुम्ही. द्यायचा तर द्या. पन मले विचारून द्याचा होता.”

श्रीरंगला वाटत होतं हा प्रश्न गव्हाचा आहे. इतकी वर्षं त्या एका दिवसाकडं तो रजेचा दिवस म्हणून पाहत होता. ती टोपली ओढायला वळली, तेव्हा त्याला तिच्या पाठीवरचे ओरखडे दिसले. हात लावायला पुढं केला आणि स्वतःची पिवळी बोटं दिसली तसा मागं घेतला.

संध्याकाळी घरात मासोळ्या तळल्याचा वास भरला. अंजनीनं जवसाच्या तेलात, नुसतं मीठ आणि हळद लावून, कुरकुरीत केल्या होत्या. श्रीरंगनं एक तोंडात टाकली आणि तो थांबला. खारट लागली. खरोखर खारट, आणि मागाहून गोड. दिवसभर मोकळी हवा खाऊन जिभेवरचं ते कडू उतरलं होतं. त्यानं आणखी चार घेतल्या.

“अच्छी बनी है ना?” ज्योतीनं विचारलं.

“मीठ बरोबर हाय,” तो म्हणाला. अंजनीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. कित्येक दिवसांत त्यानं मिठाबद्दल काही म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात तुळशीराम आला. ओसरीच्या पायरीवर बसला, अंजनीनं पानात बांधून दिलेला मासोळ्यांचा वाटा त्यानं मांडीवर ठेवला. “तो भैया, पक्का समझें?”

श्रीरंगनं हात धुतला. चुलीपाशी बसलेल्या अंजनीची फक्त पाठ दिसत होती.

“नहीं पटेल. हम ही बोएँगे.”

“छुट्टी?”

“देख लूँगा.”

“देख लूँगा से गेहूँ नहीं उगता, भैया,” तुळशीराम म्हणाला, पण रागानं नाही. “बखत निकल गया तो हमसे मत कहना. बैल भेज देंगे, जिस दिन कहोगे. उससे जादा हमारे बस का नहीं.”

तो गेल्यावर अंजनीनं विचारलं, “काय पाहून घेनार तुम्ही?”

“मले नाही माहीत,” श्रीरंग म्हणाला. ते खरंच होतं.

मग तो रोजच्यासारखा पायरीवर पाण्याचा तांब्या आणि ब्रश घेऊन बसला आणि नखं घासू लागला. आज पाण्यात पाय सोडून बसला होता, मासोळ्या वेचल्या होत्या. काळी माती नखांत खोल गेली होती. ती मळासारखी सुटत नाही, चिकटून बसते. डाव्या अंगठ्याच्या नखाखाली एक रेघ काही केल्या निघेना. त्यानं काडीनं कोरली, पुन्हा घासली. मग ब्रश तसाच हातात धरून तो बराच वेळ त्या रेघेकडं पाहत बसला.

पुढचे दिवस आधीसारखेच गेले. फरक एवढाच की पहाटे तो भाकर बांधून घेत असे तेव्हा अंजनी कंदील घेऊन शेतात जाई आणि मूठभर माती आणी. श्रीरंग ती हातात दाबून गोळा करी आणि कमरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडी. गोळा चपटा होऊन तसाच राहिला की म्हणे, “अजून नाही.” मग हात धुऊन, ब्रशनं घासून सायकलवर बसे. असे आठ दिवस झाले.

नवव्या पहाटे गोळा पडला आणि फुटून मोकळा झाला. दोघंही त्याच्याकडं पाहत उभी राहिली.

“आज,” श्रीरंग म्हणाला. “तुळशीरामकडून बैल आनून ठेव. तिफन खाली काढ.”

“अन् धरन कोन?”

“तू बैल आनून ठेव.”

त्यानं डबा सायकलला अडकवला. फाटकातून बाहेर पडला, पण रस्त्याला न लागता बांधाशी सायकल टेकवली आणि शेतात उतरला. तांबडं फुटायला अजून अवकाश होता. तो उकिडवा बसला आणि दाही बोटं मातीत घातली, दुसऱ्या पेरापर्यंत. माती गार होती, भुसभुशीत, नेमकी हवी तशी. त्यानं मुठी आवळल्या, सोडल्या, परत आवळल्या. उठला आणि तशाच हातांनी सायकलची मूठ धरली.

रस्ताभर त्याला लाज वाटत होती. आपल्या जागी आज विष्णूला दोघांचं काम ओढावं लागेल, हे त्याला दिसत होतं. लढाई येतेय असं सगळे म्हणत होते, आणि आपण गव्हासाठी हे करतोय. दोनदा तो नळाशी थांबला. पहिल्या वेळी उतरलाही. पण हात धुतले नाहीत.

फळीशी रांग होती. नवी चार पोरं त्याच दिवशी रुजू झालेली, चार्जमन त्यांना काय-काय तपासतात ते समजावत होता. श्रीरंगला पाहून त्याचा चेहरा खुलला. “आओ, आओ श्रीरंग! देखो, इनके हाथ देखो. सत्रह साल में—”

श्रीरंगनं हात पुढं केले.

चार्जमन बोलायचा थांबला. दाही नखं काळी होती. पोरांपैकी एक फिसकन हसला. मागं रांगेत कुणीतरी मान उंच करून पाहिलं.

“ये क्या है?”

“मिट्टी है साहब. खेत की.”

“तुम... तुम्हें मालूम नहीं क्या?”

“मालूम है.”

चिडावं की काय करावं ते चार्जमनला कळेना. मग त्यानं वही ओढली, लाल पेन्सिल घेतली आणि श्रीरंगच्या नावापुढं खाली दाबून शेरा लिहिला. “जाओ,” तो म्हणाला. “हमारी नाक कटा दी. जाओ घर.” त्या दिवशी त्या पोरांना दाखवायला त्याच्याकडं दुसरी नखं नव्हती. श्रीरंग रांगेच्या बाजूनं, सगळ्यांच्या नजरांमधून, खाली मान घालून बाहेर आला. कान तापले होते. फाटकात दरबानापुढं सवयीनं हात वर केले, तेव्हा दरबानही हसला.

तो शेतावर पोचला तेव्हा ऊन हातभर वर आलं होतं. बैल जुंपलेले होते. तिफणीवरची कोळिष्टकं पुसून अंजनीनं चाडं बांधलं होतं, आणि इतकं करून ती बैलांपुढं कासरा धरून नुसती उभी होती. तिच्याही मनात काहीतरी चाललं असावं, कारण तिचा दुसरा हात तिफणीच्या रुमण्यावर, धरायच्या मुठीवर, होता. सायकल दिसताच तो हात तिनं काढून घेतला.

“काहून आले?”

“परत पाठवलं.”

“तुम्हाले? काहून?”

श्रीरंगनं दोन्ही हात तिच्यापुढं धरले, फळीशी धरतो तसे, बोटं ताठ, नखं वर. अंजनी जवळ आली. आधी तिला काही उमजलं नाही. मग तिनं नखं पाहिली, पहाटे बांधाशी टेकवलेल्या सायकलची चाकोरी पाहिली, आणि शेताच्या कडेला उमटलेली दहा बोटांची भोकं पाहिली. तिचे डोळे भरून आले. ते पुसायला तिनं पदर उचलला नाही.

तिच्या डोळ्यांकडं बघवेना म्हणून तो ओहोळाकडं वळला, हात धुवायला.

“आता धुऊ नका,” ती म्हणाली, आणि गव्हाची ओटी खोचून चाड्यापाशी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.